काच काढून बघ

आमच्या सरांना कोल्हापुरात ‘हवेतली गाडी’ म्हणत. मंगळवार पेठेतून ते सायकलवरून निघाले की तालमीच्या कट्ट्यावरची पोरं ओरडायची, “ओ हवेतली गाडी, मुंबईला किती वाजता पोचणार?” सर सायकलवरून उतरायचे, घड्याळात बघायचे आणि खरं उत्तर द्यायचे, “नाही पोचणार.” पोरं हसायची. सर पुन्हा सायकलवर बसायचे.

ही गाडी परवडणार नाही, हे ज्या माणसाने नऊ वर्षं खपून मांडलं, त्याच्याच नावाला गावाने ती गाडी कायमची चिकटवली. हे कसं झालं ते मला माहीत आहे, कारण त्यात माझा हात आहे. मला लिहायची सवय नाही. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे कुठं काय लिहावं आणि काय गाळावं हे मला नीट कळत नाही. पण गाळायचं काम मी एकदा करून बसलोय. या वेळी जमेल तेवढं सगळं लिहितो.

सर पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. वीस-बावीस वर्षं डेमॉन्स्ट्रेटरच. त्यांच्यासमोर लंबक मोजायला शिकलेली पोरं लेक्चरर होऊन त्यांच्याच रजेच्या अर्जावर सह्या करायला लागली, तरी सर होते तिथंच. शर्टाच्या डाव्या खिशात जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला एक चुंबक कायम असायचा. त्याने त्यांचं मनगटी घड्याळ बिघडलं होतं. दिवसाला वीस मिनिटं ते पुढं पळायचं, आणि सर रोज सकाळी ते इमानदारीने मागं आणायचे. खिशातून चुंबक काढणं त्यांना कधी सुचलं नाही, किंवा सुचूनही त्यांनी केलं नाही. उद्यमनगरात लेथवाल्यांकडे जाऊन आले की त्या खिशाला बाहेरून लोखंडाच्या किसाची दाढी आलेली असायची. त्यांची थोरली बहीण, सगळ्या पेठेची अक्का, दारातच त्यांना अडवायची. “हुबा ऱ्हा तितंच. आधी खिसा झाड. काल भाकरीत तारेचा तुकडा घावला मला.” घरात ही दोघंच. सरांनी लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की अक्काच उत्तर द्यायची, “त्याला चिकटतंय ते समदं लोखंडाचंच. काय करू?”

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांची गाडी होती. सहा फुटी फळी, तिच्यावर ओळीने बसवलेले स्पीकरचे चुंबक, आणि दोन्ही कडांना काचेच्या उभ्या पट्ट्या. मधल्या खोबणीत वीतभर लांबीचा लाकडी डबा. डब्याच्या पोटालाही चुंबक होते, सारखं टोक सारख्या टोकासमोर येईल असे लावलेले. त्यामुळे डबा फळीला टेकायचाच नाही. बोटभर वर, अधांतरी राहायचा. फुंकर मारली की या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज न करता जायचा.

पहिल्या वर्षाला मी ते पाहिलं आणि मोठ्याने बोलून गेलो, “सर, तरंगतीया की ओ!” शहरातली पोरं माझ्या बोलण्याला हसली. मी मुरगूडचा. बोर्डिंगात राहायचो, आणि तोंड उघडायचं नाही असं महिन्याभरापूर्वीच ठरवलं होतं. सर हसले नाहीत. म्हणाले, “काच काढून बघ.”

मी एका बाजूची काच वर उचलली. डबा क्षणभर थरथरला, काच काढलेल्या बाजूला सरकला, उलटा झाला आणि टक्‌कन फळीला चिकटला.

“आता सांग. तरंगते का?”

“न्हाई सर.”

“दोन्ही लिही. तरंगते हे खरं आणि काच काढली की पडते हेही खरं. लोक पहिलं लिहितात आणि घरी जातात.”

‘काच काढून बघ’ हे त्यांचं सगळ्याच बाबतीतलं म्हणणं होतं. कँटीनवाला म्हणाला की दुधात पाण्याचा थेंब नाही, तर सर म्हणायचे, काच काढून बघू. निवडणुकीच्या दिवसांत जीप भोंगा लावून गेली की सर खिडकीत जाऊन पुटपुटायचे, “काच काढा रे त्यांची कुणीतरी.” चांगल्या दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीला कुठंतरी न दिसणारी काच लावलेली असते आणि तिचा खर्च कुणीच सांगत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. माणसं त्यामुळे त्यांना टाळत. मीही कधी कधी टाळायचो. परीक्षेत पहिला वर्ग मिळाल्याचं सांगायला गेलो तेव्हा त्यांनी मला तेच सांगितलं होतं.

जपानात आणि जर्मनीत चुंबकावर तरंगणाऱ्या गाड्यांचे प्रयोग चालू आहेत, हे त्यांनी ग्रंथालयात येणाऱ्या एका परदेशी मासिकात वाचलं होतं. विमानाच्या जवळपास जाणारा वेग, चाकं नाहीत, रुळाला टेकणं नाही. दुसरा कुणी असता तर त्याने वाचून थक्क होऊन मासिक परत ठेवलं असतं. सरांनी कोल्हापूर ते मुंबई असा मार्ग धरला आणि हिशेबाला बसले. मार्गभर तांब्याची किती वेटोळी लागतील. जपानी पद्धतीचे चुंबक गार ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो, तो कुठून आणायचा. “आपल्याकडं उन्हाळ्यात बर्फाची लादी स्टँडपासून घरापर्यंत येत नाही,” ते म्हणायचे. वीज गेली तर त्या वेगातली गाडी कुठं आणि कशी टेकणार. आणि हवा. हवेवर ते फार बोलायचे. “घर्षण गेलं म्हणून सगळे नाचतात. हवा कुठं गेली? या वेगाला निम्म्याहून जास्त ताकद नुसती हवा ढकलण्यात जाते. तिचं बिल कोण भरणार?”

गाडीत बसणार किती माणसं, हेही लागतं. म्हणून दर रविवारी सर एस.टी. स्टँडवर बाकावर बसून मुंबईच्या गाड्यांत चढणारी माणसं मोजायचे. पाच वर्षं मोजली. एका कंडक्टरने शेवटी न राहवून विचारलं, “मास्तर, घरातलं कोण पळून गेलंय काय? नाव सांगा, आमी बी ध्यान ठेवतो.” सरांनी त्याला विचारलं, “तुमच्या गाडीत आज किती?” त्याने आकडा सांगितला. सरांनी तो वहीत घातला आणि त्याचे आभार मानले.

शेवटच्या दोन वर्षांत मीही त्यांच्याबरोबर असायचो. नकाशावर त्यांनी पट्टीने सरळ रेघ ओढली होती, कारण या गाडीला वळण सोसत नाही. ती रेघ वडगावच्या अलीकडे कुणाच्या रानातून जाते ते बघायला आम्ही दोघं सायकलवरून गेलो. उसाच्या बांधावर एक म्हातारा उभा होता.

“पावणं, काय मोजतायसा? रस्ता येणार व्हय?”

“रस्ता नाही, आगगाडीसारखी गाडी. मुंबईला जाणारी,” सर म्हणाले. “येईलच असं नाही. आली तर काय होईल ते बघतोय.”

“हितं थांबणार का?”

“नाही. मुंबईपर्यंत कुठंच थांबणार नाही.”

म्हाताऱ्याने बांधावरून आमच्याकडे असं पाहिलं की मला माझा बापच आठवला. “मग माझ्या रानातनं कशाला जातीया?”

सरांनी वही काढली, ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. सरांच्या घरी आल्यावर मी बघितलं, तर ते वाक्य त्यांनी खर्चाच्या सदरात लिहिलं होतं.

रुपयांवर त्यांचा भरवसा नव्हता. आजचा रुपया उद्या कुणाला समजणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून भाडं त्यांनी म्हशींत काढलं. संध्याकाळी चौकाचौकांत म्हशी उभ्या करून गिऱ्हाईकासमोर धार काढतात त्या गावात म्हशीची किंमत कुणाला सांगावी लागत नाही. सगळा खर्च, सगळी माणसं, सगळी वर्षं भागून त्यांचं उत्तर आलं: माणशी, एका खेपेला, एक दुभती म्हैस. मी तो हिशेब तीनदा तपासला. पहिल्या वेळी मला अर्धी म्हैस कमी आली होती. माझाच हातचा चुकला होता.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा संस्थेच्या नव्या इमारतीसाठी सरकारी मदत मिळवायची होती. संस्थेच्या अध्यक्षांनी मुंबईहून एका मंत्र्यांना विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बोलावलं. प्रदर्शनात दाखवण्यासारखं एकच होतं, सरांची गाडी. सर एका अटीवर तयार झाले: आधी गाडी तरंगवायची, मग काच काढायची, मग हिशेबाचं शेवटचं पान वाचायचं. तिन्ही गोष्टी, याच क्रमाने.

ते पान त्यांनी मला दिलं. “तू वाच. मी वाचलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला जमलं नाही म्हणून नाही म्हणतोय. तुझ्या तोंडून हिशेब ऐकतील. सरकारला ‘हो’ सांगणारे पुष्कळ असतात रे. एखादं ‘नाही’ नीट मांडून कुणी हातात देत नाही.” हिशेब सोडून एवढं लांब ते कधी बोलत नसत. प्रदर्शनाच्या दिवशी त्यांनी शर्ट इस्त्रीचा घातला होता आणि खिसा झाडलेला होता.

सकाळपासून मी काचा पुसत होतो. आधी ओल्या फडक्याने, मग वर्तमानपत्राने, मग कोरड्या मलमलीने. साहेब येणार, काचेवर बोटाचा ठसा नको, एवढंच डोक्यात. इतक्या पुसल्या की त्या दिसेनाशा झाल्या.

मंत्री यायच्या थोडं आधी अध्यक्ष टेबलापाशी आले. मोठा माणूस, पण आवाज मऊ. आमचं बोर्डिंगही त्यांच्याच हाताखाली होतं.

“गाव कंचं रे पोरा?”

“मुरगूड, साहेब.”

“वडील?”

“शेती करत्यात.”

“बोर्डिंगात जेवण बरं मिळतंय न्हवं?”

“व्हय साहेब.”

“फुकट हाय न्हवं तुला?”

“व्हय साहेब.”

त्यांनी माझ्या हातातल्या पानाकडे बघितलं, हात लावला नाही. “पावण्यास्नी येळ न्हाई. गाडी तरंगली की थांबायचं. कळलं?” मग माझ्या खांद्यावर थोपटून ते पुढं गेले. धमकी दिली नाही. आवाजही चढवला नाही. आज आठवून बघितलं तर त्यांनी माझ्या जेवणाची चौकशीच केली होती.

मंत्री आले. मी डबा ठेवला, फुंकर मारली. डबा सरकत गेला. मंत्री वाकले, डब्याखालून बोट फिरवून बघितलं, म्हणाले, “अरे वा! कशाचाच आधार नाही!” माझ्या हातापासून वीतभर अंतरावर काच होती. ती मला फक्त उचलायची होती. मी त्या काचेकडे बघत राहिलो, आणि पान पँटच्या खिशात घातलं.

कोपऱ्यात सर उभे होते. त्यांनी हात वर केला. “एक मिनिट. काच काढून—” तेवढ्यात अध्यक्षांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. फोटोवाल्याचा दिवा लखकन चमकला. मंत्र्यांनी तिथंच जाहीर केलं की कोल्हापूरच्या मातीत असे शास्त्रज्ञ आहेत, आणि एक दिवस इथला माणूस दीड तासात मुंबईला पोचेल. सरांच्या गळ्यात हार पडला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. खाली छापलं होतं: ‘तरंगत्या गाडीचे जनक उपस्थितांना अभिवादन करताना.’ हात वर केलेला होता ना.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा सर तारेचा गुंता सोडवत बसले होते. मी दारात उभा राहिलो. त्यांनी एक गाठ सोडवली. मग म्हणाले, “काच स्वच्छ पुसली होतीस.”

एवढंच. पान परत मागितलं नाही. मला ते द्यायची हिंमत झाली नाही.

पुढचं सगळं लवकर झालं. पुण्याच्या एका इंजिनिअरने पेपरात पत्र लिहिलं की खर्चाचा साधा अंदाजही न मांडता खेळणी नाचवून लोकांना फसवणारे असे हौशी शास्त्रज्ञ देशाचं नुकसान करतात. सरांनी उत्तर लिहिलं. पाठ असलेला हिशेब पुन्हा सगळा उतरवला आणि घेऊन स्वतः पेपरच्या कचेरीत गेले. मी बाहेर सायकली धरून उभा होतो. आतून संपादकांचा आवाज येत होता, “मास्तर, गाडी येणार ही बातमी आहे. गाडी येणार नाही ही कसली बातमी? ती तर रोजच येत नाही.” आत कुणीतरी हसलं. सर बाहेर आले, सायकल घेतली, घड्याळ वीस मिनिटं मागं केलं. त्या दिवशी ते दुसऱ्यांदा मागं करत होते.

इमारतीला मदत मंजूर झाली. त्यानंतर काही महिन्यांनी, मंत्र्यांची विधानसभेत कुणीतरी या गाडीवरून टिंगल केली तेव्हा, संस्थेने सरांना नोटीस दिली: सन्माननीय पाहुण्यांची दिशाभूल का केली, याचा खुलासा करावा. सरांनी खुलासा केला नाही. राजीनामा दिला. अध्यक्षांनी तो लगेच घेतला.

मी अक्काला भेटायला गेलो. सर घरात नव्हते. तिने चहा ठेवला, आणि पाठमोरी राहूनच विचारलं, “तू शेवटचं पान वाचलं न्हाईस व्हय रे?”

मी मान हलवली. ती पाठमोरीच होती.

“त्यो आदल्या दिवशी जेवताना सांगत हुता, पोरगं वाचतंय बग उद्या. माझ्यापरीस चांगलं वाचतंय म्हणाला.” तिने कप माझ्यासमोर ठेवला. “साकर कमी असंल तर सांग.”

साखर बरोबर होती. मी चहा अर्धा ठेवून आलो.

सर नंतर चार वर्षं जगले. घरी शिकवण्या घ्यायचे. रविवारी स्टँडवर जाणं त्यांनी सोडलं नव्हतं. हिशेब संपला होता, मोजायचं काही कारण उरलं नव्हतं, पण ते मोजायचे. मला रस्त्यात भेटले की माझ्या एम.एस्सी.ची चौकशी करायचे. एकदाही त्या दिवसाचा विषय काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं. कदाचित त्यांना ते ठाऊक असावं.

ते गेल्यावर संस्थेने नव्या इमारतीच्या सभागृहात शोकसभा घेतली. अध्यक्ष बोलले, गहिवरून बोलले. “मोठं सपान बघणारा माणूस. पैशाचा, खर्चाचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला न्हाई.” समोरच्या रांगेत अक्का बसली होती. ती मान वळवून कुणाला तरी शोधत होती. मी तिसऱ्या रांगेत होतो. लाडका विद्यार्थी म्हणून माझं नाव पुकारलं. पान माझ्या खिशात होतं. मी ते मुद्दाम आणलं होतं. मी माइकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, सर फार शिस्तीचे होते, त्यांच्याकडून पुष्कळ शिकायला मिळालं. मग खाली बसलो. त्याच आठवड्यात माझा नोकरीचा अर्ज अध्यक्षांच्या टेबलावर होता.

आता मी त्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर आहे. या लेखात कुणाचं नाव नाही, त्याचं कारण तेच आहे. गाडी अजून कोपऱ्यातल्या टेबलावर आहे. ते पान मात्र मी इथं उतरवून देतो. जे तेव्हा मोठ्याने वाचायचं होतं, ते निदान कुणीतरी मनात तरी वाचावं.

‘निष्कर्ष. गाडी तरंगते. तंत्र खोटे नाही. ज्यांना परवडेल त्या देशांनी ते जरूर करून पाहावे. काच काढल्यास गाडी पडते. ती न पडावी यासाठी जे लागेल, त्याचा खर्च मागील पानांवर दिला आहे. या वेगात घर्षण वाचते, हवा वाचत नाही. कोल्हापूर स्टँडवर मोजलेली सर्व माणसे याच गाडीने गेली असे धरले, तरी भाडे माणशी एक दुभती म्हैस होते. परतीची म्हैस वेगळी. वडगावच्या रानमालकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही. सबब, ही गाडी आज करू नये. आहे ती गाडी वेळेवर सोडावी. त्यास म्हैस लागत नाही.’

खाली सरांच्याच अक्षरात आणखी एक ओळ आहे: ‘हिशेब तपासला व बरोबर आढळला.’ तिच्याखाली माझ्या सहीसाठी त्यांनी पट्टीने एक रेघ ओढून ठेवली आहे.

रेघ कोरी आहे. हिशेब मी तीनदा तपासला होता. तो बरोबर आहे.